फोनवरचा खेळ आणि शेजारी बसलेलं माणूस

दिवाळी सरली की अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतल्या गावांमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं. काही लेकरं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर, कोपीत. दुसरी-तिसरीतलं पोर नुकतंच बाराखडीत रुळलेलं असतं आणि तेवढ्यात चार-पाच महिने वाचन सुटतं. दप्तर मागं राहतं, बापाच्या खिशातला स्मार्टफोन मात्र सोबत जातो. त्यामुळे फोनवरच्या खेळातून भाषा शिकता येते का, हा प्रश्न जालना जिल्ह्यात हौसेपेक्षा गरजेचा आहे.

शिकता येते. पण कोणत्या खेळातून आणि कशी, यावर विज्ञानाने बरंच काम केलं आहे. ते ध्यानात न घेता फोन हातात दिला तर हाती काही लागत नाही.

सुरुवात स्मरणशक्तीपासून करू. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून आपण ते किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि 1885मध्ये प्रसिद्ध केलं. पाठांतर बरंचसं पहिल्या काही तासांतच गळतं, मग गळती मंदावते. पुढचा धागा 2008चा आहे. अमेरिकेतले जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले 40 शब्द अर्थासह शिकवले. काहींनी एकदा जमलेले शब्दही पुन्हापुन्हा न पाहता आठवून सांगितले. काहींनी ते नुसते पुन्हा वाचले. आठवड्यानंतर आठवून सांगणाऱ्यांना सुमारे 80 टक्के शब्द येत होते, बाकीच्यांना जेमतेम एक तृतीयांश. गंमत अशी की, तुम्हाला किती आठवेल असं आधी विचारलं तेव्हा सगळ्या गटांचा अंदाज जवळजवळ सारखाच, निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे आपली कोणती मेहनत कामी येतेय, हे शिकणाऱ्याला स्वतःला कळत नाही.

आपल्याकडच्या भेंड्या, शब्दसाखळी, नाव-गाव-फळ-फूल हे सगळे खेळ याच तत्त्वावर चालतात. ‘म’वरून फळ सांगायचं म्हटलं की जालन्याचं पोर डोकं खाजवतं आणि मोसंबी बाहेर काढतं. समोर चार पर्याय नसतात. बाजारातल्या बहुतेक भाषा-ॲपांची खोट इथेच आहे. चार चित्रं दाखवायची, बरोबर चित्रावर बोट ठेवलं की टाळ्या, नाणी, चांदण्या. यात शब्द ओळखला जातो, आठवला जात नाही. ओळखणं सोपं असतं म्हणून मूल रमतं, गुण वाढत जातात आणि पालकही खूश होतात. माझ्या मते मुलाला तोंड उघडायला किंवा अक्षर लिहायला न लावणारा भाषेचा खेळ म्हणजे निव्वळ करमणूक. करमणुकीला हरकत नाही, फक्त तिला अभ्यास म्हणू नये.

फोनचा खरा उपयोग हिशेब ठेवण्यात आहे. जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर यांनी 1972मध्ये कार्डांच्या खोक्याची पद्धत मांडली होती. आलेला शब्द मागच्या कप्प्यात टाकायचा आणि उशिरा विचारायचा, चुकलेला पुढच्या कप्प्यात आणून लगेच विचारायचा. विसरायच्या बेतात असताना आठवायला लावलं की आठवण घट्ट होते. बुटांच्या रिकाम्या खोक्यातही हे जमतं, पण चाळीस पोरांचे चाळीस हिशेब एकट्या गुरुजींना ठेवता येत नाहीत. यंत्राला येतात.

वाचनासाठी आपल्याकडे सर्वांत चर्चा झाली ती गूगलच्या ॲपची. 2019मध्ये ते ‘बोलो’ नावाने भारतात आलं, पुढे त्यात मराठी आली आणि 2020मध्ये ते ‘रीड अलाँग’ झालं. गोष्ट पडद्यावर दिसते, मूल मोठ्याने वाचतं आणि दिया नावाचं पात्र ऐकतं. शब्द बरोबर वाचला की शाबासकी मिळते. अडला तर त्यावर बोट ठेवायचं, दिया तो म्हणून दाखवते. एकदा गोष्टी उतरवून घेतल्या की नेटवर्क लागत नाही. उसाच्या फडात हा मोठाच गुण. उत्तर प्रदेशातल्या सुमारे 200 गावांत चाचणी घेतली तेव्हा तीन महिन्यांत 64 टक्के मुलांचं वाचन सुधारल्याचं कंपनीने सांगितलं होतं. आपल्याच वस्तूबद्दल कंपनीने दिलेला आकडा म्हणून तो जरा जपूनच घ्यावा.

यामागचं तंत्र मात्र समजून घेण्यासारखं आहे. कोण काय बोलेल याचा पत्ता नसताना आवाजावरून मजकूर लिहिणं यंत्राला जड जातं. इथे मजकूर आधीच ठाऊक असतो. आलेला आवाज समोरच्या वाक्याशी जुळतो का, एवढंच बघायचं असतं. तरी अडचणी उरतात. लहान मुलांचा स्वरमार्ग आखूड असतो, आवाजाच्या कंपनसंख्या वरच्या असतात आणि यंत्रं बहुतांशी मोठ्यांच्या आवाजावर शिकलेली असतात. त्यात आपली बोली. पुस्तकात ‘पाणी’ असतं, पोर ‘पानी’ म्हणतं. गुरुजींना कळतं की पोराने वाचलं बरोबर, बोललं घरच्यासारखं. यंत्राला हा फरक कळेलच असं नाही. ते कडक असलं तर पोर हिरमुसतं आणि सैल असलं तर खरी चूकही खपून जाते. भारतीय विज्ञान संस्था आणि गूगल यांचा ‘वाणी’ प्रकल्प देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलीचे नमुने गोळा करतो आहे, तो याच कारणासाठी.

मराठी लिपीचा पेच आणखी वेगळा आहे. शब्दकोड्याचा एखादा इंग्रजी खेळ तसाच मराठीत आणला आणि ‘क्षितिज’ हा शब्द दिला तर चौकोन किती लागतील? दुसरीतलं पोर बोटांवर मोजून सांगेल, तीन : क्षि, ति, ज. युनिकोड या सांकेतिक पद्धतीत मात्र तो सात चिन्हांचा आहे : क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. खेळ बनवणाऱ्याने याची दखल घेतली नसेल तर अक्षरं विस्कटून जुळवायच्या डावात पडद्यावर नुसती वेलांटी ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली दिसते. जी गोष्ट वहीत कधी सुटी असतच नाही, ती मुलाला शोधायला सांगितली जाते.

इंग्रजी शिकणाऱ्याला 26 अक्षरं पुरतात. आपली बाराखडीच चारशेच्या घरात जाते, जोडाक्षरं वेगळी. कन्नडवर काम करणाऱ्या सोनाली नाग यांनी दाखवून दिलं आहे की, अशा लिपीत अक्षरओळख पहिलीत संपत नाही, ती प्राथमिक शाळेची बरीच वर्षं चालू राहते. तिसरीतलं मूल जोडाक्षराला अडलं तर ते ढ नसतं, लिपीच तेवढा वेळ मागते. म्हणून मराठीचा चांगला खेळ मराठीसाठीच घडवावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा पुरावा. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठात ‘ग्राफोगेम’ नावाचा खेळ तयार झाला. आवाज ऐकायचा आणि त्याचं अक्षर पकडायचं, असं त्याचं स्वरूप. अनेक देशांत अनेक भाषांत तो वापरला गेला. त्यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2020मध्ये आला तेव्हा शब्दवाचनावरचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. पण जिथे मोठं माणूस मुलाबरोबर खेळात भाग घेत होतं, तिथे फायदा स्पष्ट दिसला. भारतातला दाखलाही याच्याशी जुळतो. दिल्लीत 2015मध्ये ‘माइंडस्पार्क’ या संगणक-कार्यक्रमाची काटेकोर चाचणी झाली. मुलं इयत्तेच्या मानाने बरीच मागं होती. कार्यक्रम प्रत्येकाला तो जिथे आहे तिथून उचलत होता आणि साडेचार महिन्यांत गणिताबरोबर हिंदीतही चांगली वाढ दिसली. पण रोजच्या दीड तासातला निम्मा वेळ संगणकावर होता आणि उरलेला छोट्या गटात शिकवणाऱ्या माणसाबरोबर. बातम्यांत हा दुसरा भाग सहसा गळतो.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. 2019मध्ये शाळेने मुलांना विचारलं, परकी भाषा कोणती शिकायची? रोबोटच्या ओढीने बहुतेकांनी जपानी निवडली. पुढच्या वर्षी, टाळेबंदीच्या काळात, एका जाणकाराने विनामोबदला ऑनलाइन तास घेतले. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना फोनवाल्या मुलांनी शिकलेलं सांगायचं, असा ‘विषय मित्र’ उपक्रम शाळेने काढला. यात फोनवाल्या मुलाचा फायदा जास्त, कारण दुसऱ्याला सांगायचं तर आधी स्वतःला आठवावं लागतं. स्वाहिलीच्या प्रयोगातलं तत्त्व गाडीवाटच्या पोरांनी नाव न घेता राबवलं.

वर्गात फोन एकटा गुरुजींकडे असला तरी बरंच होतं. ‘प्लिकर्स’ पद्धतीत प्रत्येक मुलाच्या हाती छापील पुठ्ठ्याचं कार्ड असतं. ते ज्या बाजूने उभं धरलं त्यावर उत्तर ठरतं. गुरुजी कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणाला काय येतं ते कळतं. मागच्या बाकावरचं लाजरं पोरही उत्तर देतं. घरच्या भाषेचा प्रश्न मात्र उरतोच. मंठा-परतूरकडच्या तांड्यावरच्या मुलाची घरची भाषा गोरबोली असते, जालना शहरातल्या कित्येक मुलांची उर्दू. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी ही पहिलीत भेटणारी नवी भाषा. त्यांच्या बोलीतले शब्द आणि आवाज घेऊन खेळ बनवायचं काम अजून पडून आहे. ते गावातल्याच शिक्षकांना जमेल, बाहेरच्या कंपनीला नाही.

‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या 2024च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी. फोन घरोघरी पोचला आहे, आता मुलाशेजारी बसणारं माणूस हवं. त्या माणसाला स्वतः वाचता आलंच पाहिजे असंही नाही. कोपीतल्या आईनेही रात्री भाकरी टाकता टाकता एवढं करावं : लेकराने फोनवर गोष्ट वाचली की फोन उलटा ठेवायला लावावा आणि म्हणावं, आता मला सांग, गोष्टीत काय झालं.