ताटामागची माणसं – भाग ६ : साखरेच्या पाकिटावर काय छापलेलं नाही?

पोषणमूल्यांचा तक्ता कसा वाचायचा, ते आपण मागच्या भागात पाहिलं. आज त्याच पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याकडे वळू.

हा ठिपका आरोग्याबद्दल काहीच सांगत नाही. तेलकट फरसाणावरही तो असतो. दूध, मध असे काही अपवाद सोडले, तर पदार्थात प्राणिज अंश नाही, एवढंच तो सांगतो. म्हणजे खाणाऱ्याच्या मनाला टोचणी लागू नये, यासाठी दिलेली ही माहिती आहे आणि ती देणं कायद्याने सक्तीचं आहे. डिसेंबर २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याबाबत आणखी स्पष्ट भूमिका घेतली : घटकाचं प्रमाण कितीही नगण्य असलं, तरी तो कुठून आला हे उत्पादकाने सांगितलंच पाहिजे. आपल्या विवेकाला पटेल तेच खाण्याचा आणि त्यासाठी लागणारी माहिती मागण्याचा हक्क आपल्याकडे असा मान्य झालेला आहे.

साखरेच्या पाकिटावरही हिरवा ठिपका असतो. पण तिथे हा हक्क उसाच्या फडापर्यंत पोचत नाही.

दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडणी करून फेडायची असते. एक दिवस खाडा झाला, तर दंड बसतो. फिटली नाही तेवढी उचल पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते. पाळीच्या दुखण्यात किंवा गरोदरपणातही बाईला खाडा परवडत नाही. फडाजवळच्या कोपीला ना न्हाणीघर, ना शौचालय.

या हिशेबाची किंमत बायकांच्या शरीरांनी चुकवली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती.

मग जबाबदार कोण? कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी असतो आणि मुकादमाचा मजुरांशी. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो, पण मजुरांचा मालक तोही नाही. प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं, आणि मजूर बाईला दाद मागायला दारच उरत नाही. जानेवारी २०२४च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तो वाढायलाच हवा होता. मात्र उचल आणि खाडा जागच्या जागी असतील, तर वाढीव पैशातला बराचसा भाग जुनं देणं फेडण्यातच जाणार.

एका पोत्यात शेकडो शेतांचा ऊस मिसळलेला असतो, मग माग काढायचा कसा, असं विचारलं जातं. शेत सापडणार नाही हे खरं, पण कारखाना नक्की सापडतो. काट्यावर प्रत्येक खेपेची नोंद होते, कारण तोडणीचं बिल त्याच नोंदीवर निघतं. पोत्यावर कारखान्याचं नाव आणि हंगाम छापलेला असतो. किराणा दुकानात सुटी साखर तोलली जाते, तिथे ते नाव गळून पडतं. ज्याला माग काढायचा आहे, त्याला निम्मी वाट आधीच आखलेली मिळते.

तरीही पाकिटावर लगेच आणखी एक ठिपका यावा, असं मी म्हणणार नाही. तपासनीस कारखान्याच्या कचेरीतूनच परतला आणि कोपीपर्यंत गेलाच नाही, तर तो शिक्का ग्राहकाची फसवणूक करील. आधी फडातली व्यवस्था बदलली पाहिजे. नवरा आणि बायको यांची नोंद वेगवेगळी हवी आणि मजुरी ज्याच्या-त्याच्या खात्यात जमा व्हायला हवी. उचलीचा लेखी हिशेब मजुराच्या हातात हवा. आजारपणाच्या खाड्याला दंड नको. पाणी, शौचालय आणि दवाखाना ही कारखान्याची जबाबदारी म्हणून कागदावर हवी. शिक्का त्यानंतर.

आपल्याकडचे कितीतरी कारखाने सहकारी आहेत आणि या लेखमालेच्या अनेक वाचकांच्या घरात त्यांचे सभासद आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावर तासन् तास चर्चा होते. यंदा तिथेच, अध्यक्षांसमोर उभं राहून एवढं विचारा : आपल्या कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्या बायकांची नावं कुठल्या वहीत आहेत? उत्तर मिळालं, की ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.

(पुढच्या आठवड्यात : दुधाची पिशवी आणि गोठ्यातला गोऱ्हा)