कुणी मोजलेली खोली?

12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतू खुला झाला आणि सगळीकडे त्याच्या लांबीची चर्चा झाली: 21.8 किलोमीटर. शिवडीच्या ज्या चिखलावरून तो समुद्रात शिरतो, तिथला तळ आज किती उंच आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही. गेल्या वर्षी ठाणे खाडीतल्या प्रवाहाचं एक संगणकी मॉडेल माझ्याकडे तपासायला आलं. खोल्या जगभराच्या ग्रिडमधून उतरवून घेतलेल्या, एकेक चौकोन जवळपास साडेचारशे मीटरचा. ठाण्याकडच्या टोकाला खाडीच त्याहून अरुंद आहे. शिवडीचा चिखलपट्टा तर जमीन समजून सरळ कापून टाकलेला. वर रंगीत चित्रं मात्र देखणी. मला ते फार लागलं, कारण मी हे काम वेगळ्या रीतीने शिकलो.

नव्वदचं दशक इथे फार सांगण्याजोगं नाही. खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात बंदरांच्या भौतिक मॉडेलांत खरं पाणी खेळत होतं, संगणकावर मात्र भरड चौकोन होते. खरं काम शिकलो ते 2000 नंतरच्या दहा वर्षांत. नौदलाचा चार्ट डिजिटायझरच्या टेबलावर चिकटवायचा आणि खोलीचा एकेक आकडा टिपायचा. दिवस जात, डोळे दुखत, पण खाडी हाताखालून जाई. ओहोटीला उघडा पडणारा भाग हिरवा, त्यातले आकडे अधोरेखित. कोणता भाग कोणत्या साली मोजला, हे चार्टवरच्या एका लहान आकृतीत दिलेलं असे. शेजारशेजारच्या दोन आकड्यांत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं, हे तिथेच कळायचं.

मग पातळीचा हिशेब. चार्टवरची खोली ओहोटीच्या नीचतम पातळीच्या आसपासपासून मोजलेली. मुंबईत सरासरी समुद्रपातळी तिच्या सुमारे अडीच मीटर वर. म्हणजे चार्टवरचा एक मीटर हा मॉडेलला साडेतीन मीटर सांगायचा, आणि दोन मीटर उंचीचा अधोरेखित चिखल अर्धा मीटर पाण्याखाली ठेवायचा. मोठ्या उधाणाला पाच मीटरच्या आसपास चढउतार असलेल्या खाडीत ही बेरीज चुकली, तर पुढचं सगळं वाया.

एका कचेरीतल्या वरिष्ठांशी माझा तेव्हा मोठा वाद झाला. सुकणारे-भिजणारे चौकोन ठेवले की मॉडेल फुटतं, तेव्हा चिखलपट्टा काढा, असा त्यांचा आग्रह. मी म्हणत होतो, कालपायरी लहान करा, पण चिखल ठेवा. तो काढला की भरतीला आत येणारं पाणी घटतं, मुखाशी वेग पडतो, आणि गाळ साचण्याचा अंदाज पार बदलतो. अहवाल त्यांच्याच मताने गेला. ते चूक होते, हे मी आजही म्हणतो.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीच्या मॉडेलांना एकदम मागणी आली. घाईत समुद्राकडची सीमा माहीमच्या मुखाशीच ओढण्याचा मोह होई. तिथे भरतीची पातळी बांधून टाकली की नदीचा लोंढा मुखाशी पाणी कितीही चढवो, मॉडेल ते दाखवणारच नाही. सीमा बाहेर, खोल पाण्यात न्यावी लागते.

2011 मध्ये डेल्फ्ट-थ्रीडी या प्रवाहाच्या मॉडेलसाठीच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला झाला. कुठलंही गाव आता स्वतःची खाडी तपासू शकतं, याचा मला आनंद आहे. पण त्याच सुमारास डिजिटायझर कपाटाआड गेला आणि कोळीवाड्यात जाऊन ‘यंदा चॅनेल कुठे सरकलं’ हे विचारणंही संपलं. होडी चालवणाऱ्याला ते कुठल्याही चार्टच्या आधी ठाऊक असतं.

आता पुन्हा अटल सेतूकडे. सेतूचे खांब मॉडेलच्या चौकोनापेक्षा लहान. ते प्रवाहाला होणारा अडथळा म्हणून वेगळे द्यावे लागतात. त्यांच्याभोवतीचा तळ पूल होण्याआधीच्या मोजणीतून घेऊन चालणार नाही. शिवडीला उधाणाच्या भरतीत उथळ होडी घालून तळ नव्याने मोजा, तारीख आणि पातळी अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. तोवर असल्या मॉडेलवर मी सही करणार नाही.