नकाशावरचे पाणी

आंबेगावच्या डोंगरात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरू. त्यातले घोड नदीत किती येईल? हे नुसत्या पावसावर ठरत नाही. जमिनीवर रान आहे की नांगरट, हेही पाहावे लागते.

अमेरिकेच्या मृदासंधारण खात्याच्या एका जुन्या पद्धतीत माती, भूवापर आणि आधीची ओल पाहून जमिनीला एक अंक देतात. त्याला 'कर्व्ह नंबर' म्हणतात.

साठवण = २५४०० ÷ अंक − २५४
वाहते पाणी = (पाऊस − ०.२ साठवण)² ÷ (पाऊस + ०.८ साठवण)

मध्यम निचऱ्याच्या मातीवर बऱ्यापैकी झाडी असली तर अंक ६०. तिथेच सरळ तासांचे पीक घेतले तर सुमारे ८०. आम्ही आकडेमोड केली: झाडीतून सुमारे १९ मिलिमीटर पाणी वाहते, शेतातून ५०. म्हणजे हेक्टरी तीन लाख लिटरांहून अधिक फरक! (विद्यार्थ्यांकडून हे जरूर करून घ्यावे.)

पण शेजारच्या जुन्नरचा पश्चिमेकडचा डोंगर आणि नारायणगावची बागायत यांना एकच अंक कसा चालेल? इथे भौगोलिक माहिती प्रणाली कामी येते. ती खोऱ्याचे बारीक चौकोन पाडते, माती, भूवापर व उंची यांचे नकाशे एकावर एक ठेवते आणि प्रत्येक चौकोनाचा अंक काढते. उतारावरून पाण्याची वाटही कळते. मग संगणकातच माळावर झाडे लावून पाहता येतात. मात्र उत्तर नदीवरच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताडल्याखेरीज रंगीत नकाशावर भिस्त ठेवू नये.

३० जुलै २०१४ रोजी याच डोंगरातले माळीण दरडीखाली गाडले गेले. भिजलेला उतार कधी सुटेल, हे कर्व्ह नंबर सांगत नाही. त्यासाठी मातीच्या थराची जाडी आणि तिच्यातल्या पाण्याचा दाब धरणारे वेगळे गणित लागते. खालचे नकाशे मात्र बरेचसे तेच.