पामतेलाचा केशरी रंग जातो कुठे?

कच्च्या पामतेलाचा नमुना काचेच्या नळीत उजेडाला धरला, तर तो गडद केशरी दिसतो. हा रंग कॅरोटीनचा, गाजरात असतो तोच. किलोभर तेलात ते साधारण 500 ते 700 मिलिग्रॅम असते. दुकानात मिळणारे पामतेल मात्र फिकट पिवळे. मधला सगळा प्रवास रिफायनरीत होतो.

इंडोनेशिया-मलेशियातून जहाजाने आलेले हे तेल निम्मेअर्धे थिजलेले असते. ते सुमारे 50 अंशांपर्यंत तापवल्याशिवाय पंपाने ओढता येत नाही. कारखान्यात आधी किंचित फॉस्फोरिक ॲसिड घालून त्यातला चिकट गोंद सुटा करतात. मग शंभरेक अंशांवर, निर्वात टाकीत, ब्लीचिंगची माती मिसळतात. अर्ध्या तासात ती रंगाचा काही भाग, गोंद आणि लोह-तांब्याचे अंश शोषून घेते. गाळणीच्या जाळ्यांवर उरलेल्या काळपट थरात बरेच तेल अडकलेले असते. हा थर उघड्यावर ढीग करून ठेवला तर आपोआप तापून पेट घेऊ शकतो, म्हणून त्यावर लक्ष ठेवावे लागते.

खरी कसोटी पुढे, डिओडरायझरच्या उंच मनोऱ्यात. आत हवा जवळजवळ नसते, तेल 240 ते 260 अंशांवर असते आणि खालून वाफ सोडलेली असते. कच्च्या तेलात तीन ते पाच टक्के मुक्त आम्ले असतात. कॉस्टिक सोड्याने ती काढायची तर साबण तयार होतो आणि चांगले तेलही त्याच्यासोबत जाते. इथे निर्वातामुळे ती कमी तापमानातच उडून जातात, वासही जातो. थंड करून गोळा केलेली आम्ले साबण कारखान्यांना विकली जातात. उरलेले कॅरोटीन या उष्णतेत मोडते. मातीने अर्धवट सोडलेला रंग असा संपतो.

पण याच उष्णतेत ग्लिसिडिल एस्टर नावाची नको असलेली संयुगे तयार होतात, आणि 230 अंशांच्या वर ती झपाट्याने वाढतात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये त्यांच्याबद्दल इशारा दिला. 2018 मध्ये युरोपीय संघाने खाद्यतेलासाठी किलोला 1000 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. उपाय मळ्यापासूनच सुरू होतो. फळे ठेचली न जाता लवकर गिरणीत पोचली, तर आम्ले कमी राहतात आणि तेल कमी तापवून भागते. माझ्या मते फिकटपणाचा आग्रह आपण ग्राहकांनीही सोडायला हवा. किंचित पिवळसर तेलात वाईट काही नाही. अती गोऱ्या तेलासाठी मात्र जास्त आच द्यावी लागते.

शेवटी तेल कित्येक तास सावकाश थंड करतात. घट्ट स्टिअरिनचे कण जमतात, फिल्टर प्रेसमध्ये ते वेगळे होतात आणि साधारण तीन चतुर्थांश पातळ भाग उरतो. हेच पामोलिन. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्रात रेशनवर दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ या संचामध्ये रवा, साखर, चणाडाळीबरोबर लिटरभर पामतेल मिळाले होते. थंडीच्या पहाटे अशा तेलाची पिशवी गढूळ दिसली, तर भेसळीची शंका घेण्याआधी ती कोमट पाण्यात ठेवून पाहावी. शिल्लक राहिलेले स्टिअरिन गारठ्यात गोठते, एवढेच.