दांईहाट येथील नवमी व तेथील प्रजा

भागीरथीच्या पश्चिम तीराकडे, काटव्यानजीक, दांईहाट म्हणून एक लहानसें वंगभाषी नगर आहे. हल्लीं तें पूर्व बर्धमान जिल्ह्यांत मोडतें, इ. स. 2011 च्या खानेसुमारींत तेथील वस्ती सुमारें 24 हजार भरली. येथील पाषाणमूर्ति घडविणारे कारागीर ‘भास्कर’ म्हणवितात. दक्षिणेश्वरच्या कालीची मूर्ति घडविणारा नवीन भास्कर येथलाच. हें नांव धंद्यावरून पडलेलें आहे. भास्कररामाशीं त्याचा संबंध कोणी जोडूं नये.

भास्कररामाचा या स्थळाशीं संबंध आला तो निराळा. इ. स. 1742 त रघूजी भोसल्यांच्या या सरदारानें काटव्यास तळ देऊन, जमीनदारांकडून सक्तीची वर्गणी घेऊन, दांईहाट येथें दुर्गापूजा मांडिली. नवमीच्या पहांटे अलीवर्दीखानानें नदी उतरून छापा घातला व पूजा अपुरी राहिली. ग्रंथांतून 27 सप्टेंबर ही तारीख आढळते, ती जुन्या इंग्रजी गणनेची होय. तींत 11 दिवस मिळविले म्हणजे 8 ऑक्टोबर येते, व ती शके 1664 च्या आश्विन शुद्ध नवमीशीं बरोबर जुळते.

तिथि जुळली, परंतु त्या प्रांतींच्या प्रजेचें काय झालें? याविषयीं दोन साक्षी विचारांत घेण्याजोग्या आहेत. पहिली वाणेश्वर विद्यालंकार यांच्या ‘चित्रचम्पू’ची. हा संस्कृत ग्रंथ इ. स. 1744 चा. त्यांत मराठी स्वारांचा वेग व क्रौर्य हीं दोन्ही वर्णिलीं आहेत. मात्र ग्रंथकार बर्धमानच्या राजाचा आश्रित, आणि लुटला गेला तो त्याच राजाचा मुलूख. तेव्हां ही साक्ष एकपक्षीय असें कोणी म्हणेल.

दुसरी साक्ष गंगारामाच्या ‘महाराष्ट्रपुराणा’ची. या बंगाली काव्याची पोथी मैमनसिंह प्रांतीं मिळाली. ती बंगाली सन 1158, म्हणजे इ. स. 1751 च्या सुमाराची. गंगाराम आरंभीं मराठ्यांचा द्वेष्टा नाहीं. पृथ्वीवरील पापभार हरण करण्यास शंकरानेंच शाहूस प्रेरणा केली, असें तो सांगतो. पुढें मराठ्यांनीं ब्राह्मण व स्त्रिया यांवर अत्याचार केले, म्हणून देवी कोपली व भास्कररामाचा नाश झाला, असा त्याचा सिद्धान्त. यास्तव त्याची साक्ष अधिक वजनदार आहे. त्यानें पळणाऱ्या प्रजेची जणूं यादीच दिली आहे: पंडित पोथ्यांचें ओझें घेऊन, सोनार तराजू घेऊन, कांसार तांबें-पितळ घेऊन, कोळी जाळीं घेऊन निघाले. ज्यानें त्यानें आपल्या उपजीविकेचें साधन तेवढें उचललें, यावरून भीतीचें मान कळतें.

आमच्या इतिहासांत या स्वाऱ्यांचा शेवट इ. स. 1751 च्या तहानें, सालीना 12 लक्षांच्या चौथाईनें होतो. तो आंकडा खरा. पण तो वसूल ज्यांच्या घामाचा, त्यांची नोंद गंगारामाच्या पोथींत आहे. सबब पोथीसंग्राहकांनीं मराठी दप्तरांबरोबर प्रतिपक्षाच्या पोथ्याहि तितक्याच आस्थेनें जमवाव्या. आमच्या डोंबिवलींतहि आतां वंगभाषी कुटुंबें शारदीय पूजा मांडतात. बंगालच्या अंगाईंत येणारे ‘बर्गी’ म्हणजे आपले बारगीर, हें त्यांस व आपणांस दोघांसहि ठाऊक असावें. पराक्रमाची बखर आपण पुष्कळ वाचिली. तिची दुसरी बाजू वाचल्यावांचून तें प्रकरण पुरें होत नाहीं.