चाळिशीनंतर पाळीत खूप रक्त जातंय? पिशवी काढण्याआधी हे पर्याय माहिती हवेत

बोईसरमध्ये 'पाळी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तारापूर एमआयडीसीतली पाळी : पहिली, दुसरी आणि रात्रीची. दुसरी बायकांची पाळी. या दोन्ही पाळ्या एकाच दिवशी आल्या की काय होतं, हे पॅकिंगला आठ तास उभं राहणाऱ्या चाळिशीतल्या बाईला विचारून बघा. दोन पॅड एकावर एक, गडद रंगाचा ड्रेस, आणि तरीही उठता-बसता मागे डाग पडला का, ही धास्ती.

असं चार-सहा महिने चाललं की आजूबाजूने एक सल्ला हमखास येतो. "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाक, कायमची कटकट मिटेल."

हा सल्ला काही वेळा बरोबर असतो. पण गर्भाशय म्हणजे पिशवी काढणं हा उपचारांच्या यादीतला शेवटचा पर्याय आहे आणि बऱ्याच जणींना तिथपर्यंत जावंही लागत नाही. मग त्याआधी काय काय करता येतं? आणि आपल्यासाठी कोणता पर्याय योग्य, हे ठरवायचं कसं? एकेक मुद्दा समजून घेऊ.

'खूप जातं' म्हणजे नेमकं किती?

वैद्यकीय पुस्तकांमध्ये एका पाळीत ८० मिलीपेक्षा जास्त रक्त जाणं म्हणजे अतिरक्तस्राव, अशी व्याख्या आहे. पण घरी कोणी रक्त मोजत नाही. म्हणून आता डॉक्टर सोपा निकष लावतात : रक्त जाण्यामुळे तुमच्या रोजच्या जगण्यात अडथळा येत असेल तर त्यावर उपचार व्हायला हवेत.

खुणा अशा आहेत. दर एक-दोन तासांनी पॅड किंवा कापड बदलावं लागतं. रात्री बदलण्यासाठी उठावं लागतं. दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी पडतात. सात दिवसांहून जास्त अंगावर जातं. जिना चढताना धाप लागते, चक्कर येते, कामावरून घरी आल्यावर उभं राहवत नाही.

यातली धाप आणि थकवा 'वयामुळे होतं' म्हणून सोडून दिलं जातं. पण त्यामागे रक्तक्षय असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात मुळात रक्त कमी, त्यात दर महिन्याला एवढं जाणार.

चाळिशीनंतरच हे का वाढतं?

पाळी कायमची जाण्याआधीची काही वर्षं हार्मोन्सची गडबड चालू असते. दर महिन्याला अंडं बाहेर पडेलच असं नसतं. ज्या महिन्यात पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मग गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं आणि कधीतरी एकदम, भरपूर बाहेर येतं.

याशिवाय फायब्रॉइडच्या गाठी, अस्तरावर वाढलेला कोंब म्हणजे पॉलिप, गर्भाशय सुजल्यासारखं मोठं होणं म्हणजे अॅडेनोमायोसिस, थायरॉइडचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कॉपर-टी ही कारणंही असतात. क्वचित अस्तराचा कॅन्सर किंवा त्याआधीची अवस्थाही असू शकते.

इथे एक भीती दूर करायला हवी. सोनोग्राफीत 'गाठ' दिसली की घरात कॅन्सरची चर्चा सुरू होते. पण फायब्रॉइडच्या गाठी जवळपास नेहमीच साध्या असतात आणि पाळी गेल्यावर बहुतेक वेळा आकसतात.

आधी तपासण्या, मग उपचार

कारण कळल्याशिवाय पर्याय निवडता येत नाही. साधारणपणे हिमोग्लोबिनसह रक्ततपासणी, थायरॉइड, गरोदरपणाची चाचणी आणि सोनोग्राफी केली जाते. हो, ४५ व्या वर्षीही दिवस जाऊ शकतात.

वय ४५ च्या पुढे असेल, किंवा वजन जास्त, मधुमेह, अनेक वर्षांची अनियमित पाळी असं काही असेल, तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. याला बायोप्सी म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. कॅन्सर नाही ना, याची खात्री करण्यासाठीच ती असते.

पालघरच्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. घरात कोणाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. काही औषधं आणि लोहाच्या गोळ्या देण्याआधी ही माहिती लागते.

पर्याय कोणकोणते?

१. फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या. ट्रॅनेक्झामिक अॅसिडने रक्तस्राव बऱ्याच जणींमध्ये निम्म्यापर्यंत कमी होतो. मेफेनॅमिक अॅसिडने दुखणंही कमी होतं. फायदा असा की महिन्यातून चार-पाच दिवसच गोळ्या घ्यायच्या. पण पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ट्रॅनेक्झामिक चालत नाही. अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर मेफेनॅमिक टाळतात.

२. हार्मोनच्या गोळ्या. नॉरएथिस्टेरॉनसारख्या गोळ्या अस्तराची वाढ आवरतात. गर्भनिरोधक गोळ्यांनीही रक्त कमी जातं, पण ३५ वर्षांपुढच्या धूम्रपान करणाऱ्या, ब्लड प्रेशर असलेल्या किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होणाऱ्या बायकांना त्या देत नाहीत.

३. ऑर्मेलॉक्सिफिन. हे भारतीय औषध आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ते विकसित झालं. 'सहेली' आणि सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी 'छाया' गोळी ती हीच. अतिरक्तस्रावासाठीही डॉक्टर ती देतात, पण तेव्हाचा डोस वेगळा असतो. त्यामुळे आशाताईंकडून पाकीट घेऊन मनाने सुरू करू नका.

४. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन. मिरेना हे त्यातलं माहितीतलं नाव. दिसायला कॉपर-टीसारखं, पण काम उलटं. कॉपर-टीने रक्त वाढू शकतं, याने खूप कमी होतं आणि काहींची पाळी बंदही होते. एकदा बसवलं की साधारण पाच वर्षं चालतं. ब्रिटनमध्ये ५७१ महिलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांनंतर गोळ्यांपेक्षा या साधनाचा फायदा जास्त दिसला.

अडचणी दोन आहेत. खासगीत सुरुवातीलाच काही हजार रुपये लागतात. आणि पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात. हे आधी सांगितलं नसेल तर बायका 'बिघडलं' समजून ते काढून टाकतात.

५. छोट्या शस्त्रक्रिया. पॉलिप किंवा आत आलेला फायब्रॉइड दुर्बिणीतून काढता येतो. अॅब्लेशनमध्ये गर्भाशयाचं अस्तर उष्णतेने नष्ट करतात. पिशवी राहते, रक्त कमी होतं. मात्र त्यानंतर दिवस गेले तर ते धोक्याचं असतं, म्हणून गर्भनिरोधक लागतंच.

क्युरेटिंगबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तपासणीसाठी त्याचा उपयोग असतो आणि तातडीचा रक्तस्रावही थांबतो. पण तो कायमचा उपाय नाही, पुढच्या महिन्यांत त्रास परत येऊ शकतो.

६. पिशवी काढणं. याने रक्तस्राव कायमचा थांबतो, यात शंका नाही. कॅन्सर किंवा त्याआधीची अवस्था असेल, फायब्रॉइड खूप मोठे असतील, किंवा बाकी उपाय करूनही जगणं अवघड झालं असेल, तर हा योग्य निर्णय आहे. तो घेणाऱ्या बाईला अपराधी वाटायचं कारण नाही.

पण किंमतही समजून घ्या. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. पोट उघडून केली तर सावरायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढे दिवस पाण्याचे हंडे, भातलावणी, जड उचलणं बंद. दुर्बिणीतून किंवा योनीमार्गे केली तर लवकर बरं वाटतं. आणि सर्वात महत्त्वाचं : पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम सुरू होतो, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

बीडमध्ये काय झालं होतं?

घाईघाईने पिशवी काढण्याचं काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलंय. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांचा प्रश्न समोर आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. अनेकींचं वय चाळिशीच्या आतलं होतं. पाळीमुळे कामाचा खाडा आणि दंड, साध्या त्रासातही दाखवलेली कॅन्सरची भीती, ही कारणं त्यामागे होती.

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच तक्रारींवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असं त्यात सांगितलं.

खाडा पडला की पगार कापला जातो, हे गणित बोईसरच्या कंत्राटी कामगार बाईलाही चुकलेलं नाही. म्हणून बीडची गोष्ट इथेही लागू होते.

मग निवड कशी करायची?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. कारण काय निघालं? पाळी जायला अंदाजे किती वर्षं उरली? आणि मला पुन्हा पुन्हा दवाखान्यात जाणं जमेल का?

भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास जाते. समजा वय ४७ आहे, गाठी छोट्या आहेत आणि बायोप्सी साफ आहे. तर उरलेला थोडा काळ गोळ्यांवर निघू शकतो. वय ४१ असेल तर बरीच वर्षं काढायची आहेत, तिथे पाच वर्षं चालणारं साधन सोयीचं पडतं. मोखाड्यासारख्या लांबच्या गावातून दर महिन्याला येणं शक्य नसेल, तरीही तेच.

आणि पर्याय कोणताही असो, हिमोग्लोबिन आधी वाढवायला हवं. ते ७-८ वर असताना नियोजित शस्त्रक्रियेची घाई करू नये. लोहाच्या गोळ्या किंवा सलाइनमधून लोह देऊन ते वाढवता येतं. रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवतात.

पालघरमध्ये सुरुवात कुठून करायची?

पालघरचं ग्रामीण रुग्णालय, डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय, जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय इथे पहिली तपासणी होऊ शकते. स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात, हे विचारूनच निघा. ईएसआय कार्ड असेल तर त्याचा वापर करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. पुढे केईएम किंवा नायरला पाठवलं, तर डहाणू लोकलने निघण्याआधी सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये घ्या. नाहीतर त्याच तपासण्या पुन्हा होतात आणि आणखी एक खाडा पडतो.

कोणी थेट ऑपरेशनची तारीख दिली, तर हे चार प्रश्न विचारा. कारण काय आहे? आधी गोळ्या किंवा साधन वापरून का बघायचं नाही? अंडाशयं ठेवणार की काढणार? कोणत्या पद्धतीने करणार? उत्तर पटलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे.

मात्र दोन वेळा अजिबात थांबू नका. तासाला एक पॅड भिजतंय आणि असं सलग दोन तास चाललंय, चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. तो डाग 'पाळी परत आली' म्हणून सोडून द्यायचा नसतो.