नायजेरियाची वीज अडते कुठे?

लागोसच्या गल्लीत वीज आली की पोरं एकदम ओरडतात, 'अप नेपा!' नेपा हे जुन्या सरकारी वीज मंडळाचं आद्याक्षरी नाव. ते मंडळ २००५ मध्येच मोडीत निघालं, आरोळी मात्र टिकली. लोकांनी या आद्याक्षरांना चिकटवलेला दुसरा अर्थही टिकला: 'नेव्हर एक्स्पेक्ट पॉवर ऑल्वेज', म्हणजे विजेचा भरवसा धरू नका. जिथे वीज आल्याचा असा जल्लोष होतो, त्या देशाच्या पोटात आफ्रिकेतला सर्वांत मोठा नैसर्गिक वायूचा साठा आहे: २०० लाख कोटी घनफुटांहून अधिक.

नायजेरियाची लोकसंख्या वीस कोटींच्या वर आहे. वीज केंद्रांची कागदावरची क्षमता सुमारे १३ हजार मेगावॅट, पण ग्रीडवर प्रत्यक्ष येते ती चार-पाच हजार मेगावॅटच. एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातली मागणी २५ हजार मेगावॅट ओलांडते, हे लक्षात घेतलं की या आकड्यातली टंचाई कळते. उरलेला देश डिझेल-पेट्रोलच्या जनरेटरवर चालतो. दुकानं, दवाखाने, बँका, शिंप्याचं यंत्र, सगळंच.

या वायूचं झालं काय, हे समजायला १९५६ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात ओलोइबिरी इथे तेल सापडलं. तेलाबरोबर वायूही वर येतो. तेल टँकरमध्ये भरून जगात कुठेही विकता येतं. वायूला नळ लागतात, दाब देणारी यंत्रं लागतात आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला पैसे देणारं गिऱ्हाईक लागतं. ते नव्हतं, म्हणून वायू विहिरीपाशीच पेटवून दिला गेला. या ज्वाला दशकानुदशकं रात्रंदिवस जळत राहिल्या. काही गावांतल्या बायका त्यांच्या धगीशी कसाव्याचे पदार्थ वाळवायच्या. त्या धगीबरोबर धूर आणि काजळीही त्यांच्या वाट्याला यायची. १९८४ पासून परवान्याशिवाय वायू जाळायला बंदी आली. पण दंड इतका किरकोळ होता की वायू साठवण्यापेक्षा दंड भरणं कंपन्यांना परवडायचं. २००५ मध्ये डेल्टा राज्यातल्या इवेरेकान गावाच्या बाजूनं निकाल देताना न्यायालयानं म्हटलं की असा वायू जाळणं हा जगण्याच्या आणि सन्मानाच्या हक्काचा भंग आहे. ज्वाला पुढे बऱ्याच कमी झाल्या, विझल्या मात्र नाहीत.

दरम्यान वायूला गिऱ्हाईक मिळालं, ते परदेशात. बॉनी बेटावरच्या प्रकल्पात वायू उणे १६० अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात आणि जहाजानं पाठवतात. पहिलं जहाज १९९९ मध्ये निघालं. आज प्रकल्पाची क्षमता वर्षाला २ कोटी २० लाख टन आहे. लांब मुदतीचे करार, पैसे डॉलरमध्ये आणि वेळेवर. घरातला दिवा लागायच्या आधी वायू युरोपला पोचला, याचा नायजेरियन माणसाला राग येणं स्वाभाविक आहे. पण वायू काढणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं, तर देशातली वीज केंद्रं त्याचे पैसे महिनोन् महिने थकवत होती.

ती का थकवत होती? खरं दुखणं इथेच आहे आणि ते विहिरीपासून फार लांब, घराच्या भिंतीवर आहे. निम्म्याच्या आसपास ग्राहकांकडे मीटरच नाही. त्यांना अंदाजानं बिल येतं. लोक त्याला 'क्रेझी बिल' म्हणतात आणि अनेक जण ते भरत नाहीत. वसुली झाली नाही की वितरण कंपनी वीज केंद्राचे पैसे थकवते, केंद्र वायू कंपनीचे थकवतं आणि वायू कंपनी नव्या विहिरीवर खर्च करायला कचरते. वायू कमी पडला की केंद्र बंद, वीज कमी, ग्राहक आणखी चिडलेला. त्यात वायूची किंमत डॉलरमध्ये ठरते आणि बिल नायरात येतं. २०२३ मध्ये नायराचा विनिमय दर मोकळा सोडला, तेव्हा डॉलर ४६० नायरांच्या आसपास होता. वर्षभराच्या आत तो दीड हजारांपर्यंत गेला. वायूवर चालणाऱ्या केंद्रांकडून देशाची बहुतांश वीज येते. त्यांचा खर्च कुठे गेला असेल, ते वेगळं सांगायला नको.

डॉलरचा हा फास महाराष्ट्राला अनोळखी नाही. दाभोळला एन्रॉननं वीज विकली तीही डॉलरशी बांधलेल्या दरानं. त्याच एन्रॉननं १९९९ मध्ये लागोससाठी तरंगत्या तराफ्यांवरच्या वीज केंद्रांचा करार केला होता. पुढे अमेरिकेत कंपनीचे हिशेब उघडे पडले, तेव्हा हे 'नायजेरियन तराफे' खटल्यात पुरावा ठरले.

आणखी एक योगायोग आहे. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाल्या, आणि त्याच वर्षी नायजेरियानंही नेपा मोडण्याचा कायदा केला. तिथे सरकार पुढे गेलं. १ नोव्हेंबर २०१३ रोजी बहुतेक वितरण आणि निर्मिती कंपन्या खासगी मालकांकडे सोपवल्या. पारेषण सरकारकडेच राहिलं. खरेदीदारांनी कर्ज काढून कंपन्या घेतल्या. मीटर आणि तारांसाठी हातात भांडवल उरलं नाही, आणि खर्च निघेल असा दरही सरकारनं वर्षानुवर्षं लावू दिला नाही. मालक बदलला, भिंतीवरची मीटरची जागा रिकामीच राहिली. २०२४ मध्ये ग्रीड दहापेक्षा जास्त वेळा कोसळलं. निर्मिती कंपन्यांना येणं असलेली थकबाकी चार लाख कोटी नायरांवर गेली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारनं धाडस केलं. दिवसाला किमान वीस तास वीज मिळणाऱ्या ग्राहकांसाठी दर युनिटला ६८ वरून २२५ नायरा केला. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. दरवाढ अटळ होती, पण वीस तासांचं वचन मोजायला मीटर लागतो, आणि तो सगळ्यांकडे नव्हता.

आशा वाटावी असं काम आबा शहरात दिसतं. चपला आणि कपडे शिवणाऱ्या हजारो कारागिरांचं हे गाव. बार्ट न्नाजी या प्राध्यापकांनी, जे काही काळ देशाचे ऊर्जामंत्रीही होते, इथे वायूवरचं केंद्र आणि शहराचं वितरण दोन्ही एकाच गटाकडे असावं असा प्रकल्प मांडला. ओवाझाच्या विहिरींपासून २७ किलोमीटरचा नळही आणला. वितरणाचा हक्क कुणाचा यावरून वाद झाला आणि काम वर्षानुवर्षं अडलं. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळपास वीस वर्षांनी, केंद्राचं उद्घाटन झालं. विहिरीपासून मीटरपर्यंतची साखळी इथे आखूड आहे. पैसा कुठे अडला, ते लगेच दिसतं.

२०२३ च्या नव्या वीज कायद्यानं राज्यांनाही स्वतःची वीज बाजारपेठ उभारायची मुभा दिली. एनुगू, एकिती, ओंडो या राज्यांनी नियमन हातात घेतलंही. उत्तरेकडे अजाओकुटा ते कादुनामार्गे कानो हा ६१४ किलोमीटरचा वायू नळ टाकला जातो आहे. कादुना आणि कानो ही एकेकाळची कापड गिरण्यांची शहरं, आणि तिथल्या बहुतेक गिरण्या विजेअभावी आणि स्वस्त आयातीमुळे बंद पडल्या. वायू तिथवर पोचेलही. पण तो जाळून केलेल्या विजेचं बिल कानोच्या गल्लीतून कोण मोजून वसूल करणार, याची तजवीज नळाच्या कंत्राटात नाही.